उपज : ठरलेलं मोडतं तेव्हा गट कशावर उभा राहतो?



या वेळचा अभ्यासविषय आपल्या रोजच्या नोकरी-धंद्यातला आहे. आपल्यापैकी कुणी बेळगावच्या फाउंड्रीत आहे, कुणी पीथमपूरच्या कारखान्यात, कुणी हैदराबादच्या आयटी कंपनीत, कुणी वडोदऱ्याच्या दवाखान्यात, तर कुणी पणजीत हॉटेल सांभाळतं. कामं वेगवेगळी, पण एक अनुभव सगळ्यांचा सारखा आहे. सकाळी आखलेला बेत दुपारपर्यंत टिकत नाही. माल वेळेवर येत नाही, सर्व्हर बसतो, मुख्य माणूस आजारी पडतो, वरून नवाच आदेश येतो. २४ मार्च २०२० ला तर रात्री ८ ला घोषणा झाली आणि १२ च्या ठोक्याला सगळ्या देशाच्या कामाची घडी मोडली.

अशा वेळी काही गट सावरतात आणि काही विखुरतात. हुशारी दोन्हीकडे असते, मेहनतही असते. मग फरक कुठे पडतो? हे समजून घ्यायला आपण दोन खऱ्या घटना बघणार आहोत. एक डोंगरातल्या वणव्याची, एक अवकाशातली. दोन्ही अमेरिकेतल्या आहेत, पण त्यांतून जे कळतं ते आपल्या ऑफिसात, कारखान्यात, अगदी उत्सवाच्या स्वयंपाकघरातही उपयोगी पडेल.

लेख जरा मोठा आहे. दोन बैठकांत वाचला तरी चालेल. मात्र चर्चेला येताना पूर्ण वाचून यावं, ही विनंती.

*१. 'उपज' हा आपलाच शब्द*

ख्यालगायकीत 'उपज' हा शब्द आहे. गायक बंदिश मांडतो आणि पुढचा विस्तार त्याला त्या क्षणी सुचत जातो. तो कुठे लिहून ठेवलेला नसतो. ग्वाल्हेरच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. तिथलीच गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणली आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्करांनी ती पार लाहोरपर्यंत नेली.

पण आयत्या वेळी सुचतं म्हणजे वाटेल ते गायचं असं नाही. रागाचे स्वर ठरलेले असतात, वर्ज्य स्वर ठरलेले असतात. तालाच्या मात्रा ठरलेल्या असतात आणि कुठेही फिरून आलं तरी समेवर यायचं हे ठरलेलं असतं. तबलजी ठेका सोडत नाही. हार्मोनियमवाला कान देऊन पाठोपाठ चालतो. मागे तानपुऱ्यावर बसलेला शिष्य गुरूंनी श्वास घेतला की सूर उचलून धरतो. एवढं सगळं पक्कं असतं म्हणून मधली जागा मोकळी ठेवता येते. ज्याचा रियाझ नाही त्याला उपज सुचत नाही, त्याची नुसती धांदल उडते.

गटाने काम कसं करावं याचा अभ्यास कार्ल वाइक नावाच्या एका अमेरिकन प्राध्यापकांनी केला. मिशिगन विद्यापीठात ते शिकवत. त्यांनी याच कारणासाठी जॅझ संगीताचा अभ्यास केला. ते जॅझ वादकांकडे बघून जे म्हणत होते, ते आपल्याला ख्यालाकडे बघून चटकन समजतं. उपजेला आधी साठवलेलं भांडवल लागतं. ऐन वेळी ते आणता येत नाही.

आता पहिली घटना पाहू. ही वाइक यांनीच १९९३ मध्ये बारकाईने उलगडून दाखवली.

*२. मॅन गल्चची घळ*

अमेरिकेच्या मोंटाना राज्यात मिझुरी नदीच्या काठी मॅन गल्च नावाची एक उभी घळ आहे. ५ ऑगस्ट १९४९ ची ही गोष्ट. जवळच्या हेलेना शहरात त्या दिवशी पारा ९७ फॅरनहाइटवर, म्हणजे साधारण ३६ सेल्सिअसवर होता. वीज पडून रानात वणवा लागलेला. विमानातून पॅराशूटने उड्या मारून वणवा विझवणारी खास तुकडी तिथे पाठवण्यात आली. या जवानांना 'स्मोकजंपर' म्हणतात. विमानात १६ जण होते. एकाला विमान लागलं म्हणून त्याने उडी घेतली नाही. उरलेले १५ उतरले. खाली आधीपासून एकटाच आग विझवत असलेला एक वनरक्षक त्यांना येऊन मिळाला. पुन्हा १६ झाले.

उतरतानाच एक गोष्ट बिघडली. वायरलेस सेट ज्या पॅराशूटला बांधला होता ते उघडलंच नाही. सेटचा चुराडा झाला. म्हणजे बाहेरच्या जगाशी संपर्क संपला. तरी कुणी फारसं मनावर घेतलं नाही. सगळ्यांची समजूत अशी होती की ही नेहमीची आग आहे, रात्रभर खपू आणि उद्या सकाळी १० पर्यंत आटोक्यात आणू. तुकडीचा मुकादम वॅग्नर डॉज अनुभवी होता. तो आणि तो वनरक्षक बाजूला बसून थोडं खात होते. एक जवान फोटो काढत होता. हे बघणाऱ्या पोरांनी काय अर्थ काढला असेल? मुकादम जेवतोय, म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास डॉजला दिसलं की आगीने घळ ओलांडली आहे. नदीकडे उतरायची त्यांची वाट तिने अडवली होती आणि आता ती त्यांच्याच दिशेने वर चढत होती. त्याने तुकडीला मागे फिरवून चढणीकडे घेतलं. वाळलेलं उंच गवत, उभा चढ आणि पाठीमागे ३० फुटी ज्वाळा. त्याने ओरडून सांगितलं की हातातली अवजारं टाका. काहींनी टाकली, काहींनी नाही.

मग डॉजने जे केलं ते त्या तुकडीत कुणीही आधी पाहिलं नव्हतं. त्याने खिशातून काडी काढून समोरच्या गवताला स्वतःच आग लावली. ते गवत जळून गेल्यावर उरलेल्या राखेत तो शिरला आणि बाकीच्यांना आत बोलावू लागला. हिशेब सरळ होता. जिथे जळायला काही उरलं नाही, तिथे मागची आग येऊन काय जाळणार? पण पळणाऱ्यांना एवढंच दिसलं की पाठीमागून आग येतेय आणि मुकादम पुढेही आग लावतोय. एकही जण थांबला नाही.

डॉज राखेत पालथा पडून राहिला. आग त्याच्यावरून निघून गेली आणि तो जिवंत उठला. रॉबर्ट सॅली आणि वॉल्टर रम्सी हे दोन तरुण कड्यातली एक फट सापडल्यामुळे पलीकडे निसटले. उरलेल्या १३ जणांचा जीव गेला. त्या वनरक्षकाच्या घड्याळाचे काटे ५ वाजून ५६ मिनिटांवर थांबलेले सापडले. मागे वळल्यापासून सगळं मिळून दहा-अकरा मिनिटांचा खेळ.

*३. गट आधी फुटला की आग आधी पोहोचली?*

इथे थांबून विचार करायचा आहे. डॉजला योग्य उपाय सुचला होता. ती खरी उपज होती. तरी ती फक्त एकट्याला वाचवू शकली. का?

वाइक यांचं म्हणणं असं की आग पोहोचण्याच्या आधीच गट मोडला होता. त्याची कारणं साधी आहेत, म्हणूनच ती आपल्या कामाच्या जागीही सापडतात.

पहिलं कारण : ही माणसं एकत्र मुरलेली नव्हती. जो मोकळा आणि ताजातवाना असेल त्याला पुढच्या विमानात बसवायचं, अशी त्या खात्याची पद्धत होती. डॉज बराच काळ तळावरच्या दुरुस्तीच्या कामात होता, त्यामुळे या पोरांबरोबर त्याचा सराव झालेला नव्हता. ज्याचा स्वभाव माहीत नाही, ज्याचं बोलणं कानाला परिचित नाही, त्याने अचानक 'आगीत या' म्हटलं तर पाय कसा उचलणार?

दुसरं कारण : बोलणंच झालं नाही. आग बघून डॉजला काळजी वाटू लागली होती, पण ती काळजी त्याने शब्दांत इतरांपर्यंत पोहोचवली नाही. त्याने हुकूम दिले, कारण दिलं नाही. आधीपासून थोडं थोडं सांगितलं असतं तर शेवटचं वाक्य वेड्यासारखं वाटलं नसतं. आज्ञा कितीही मोठ्याने दिली तरी ऐकणाऱ्याच्या मनात विश्वासाची वाट तयार नसेल तर ती कानाशीच थांबते.

तिसरं कारण सगळ्यात खोल आहे. 'अवजारं टाका' हे ऐकल्यावर त्या जवानांना ते स्वतः कोण आहेत हेच कळेनासं झालं. हातात कुदळ आणि करवत असते तोवर मी वणवा विझवणारा. ती टाकली की मी फक्त जीव घेऊन पळणारा एक घाबरलेला माणूस. असे १६ घाबरलेले माणूस म्हणजे तुकडी नव्हे. जो तो आपापल्या दिशेने सुटला.

या घटनेनंतर अमेरिकेच्या वनखात्याने १९५७ मध्ये वणव्यासाठी १० कायमचे नियम केले. सुटकेची वाट आधी ठरवून ती सगळ्यांना माहीत करून द्यायची, हा त्यांतला एक. सूचना स्पष्ट द्यायची आणि ती समजली की नाही याची खात्री करून घ्यायची, हा आणखी एक. १३ जिवांची किंमत मोजून शिकलेला हा धडा आहे. आपण मीटिंगमध्ये 'सगळ्यांना कळलं ना?' असं विचारतो आणि उत्तराची वाट न बघता उठतो, तेव्हा हा नियम आठवावा.

*४. हातातलं खाली ठेवणं एवढं अवघड का?*

नियम झाले. तरीही ६ जुलै १९९४ ला कोलोरॅडो राज्यात साउथ कॅन्यनच्या वणव्यात १४ जण गेले. तपास करणाऱ्यांनी असं मांडलं की ओझं आणि अवजारं टाकून ते पळाले असते, तर त्यांतले काही माथ्यापर्यंत पोहोचू शकले असते. वाचलेल्या एका जवानाने नंतर सांगितलेली हकिकत अंगावर काटा आणते. जिवाच्या आकांताने चढ चढताना त्याच्या लक्षात आलं की खांद्यावर करवत तशीच आहे. आणि ती टाकायची तर तो आधी अशी जागा शोधू लागला, जिथे ती जळणार नाही!

हसू नये. आपण सगळे हेच करतो.

वाइक यांनी १९९६ मध्ये यावरच एक लेख लिहिला आणि माणूस अवजार का टाकत नाही याची १० कारणं दिली. त्यांतली आपल्या कामाची पाच इथे आपल्या भाषेत मांडतो.

• ऐकूच येत नाही. गोंगाटात सूचना पोहोचत नाही. आपल्याकडे हा गोंगाट दिवसाला आलेल्या शेकडो मेसेजचा असतो.
• कारण कळत नाही. का टाकायचं हे सांगितलेलं नसतं.
• सांगणाऱ्यावर भरवसा नसतो.
• टाकायची सवय नसते. प्रशिक्षणात धरायला शिकवतात, सोडायला कुणी शिकवत नाही.
• टाकलं म्हणजे हरलो, असं वाटतं. शिवाय शेजारच्याने टाकलेलं नसतं, मग मीच का आधी?

आता ही यादी आपल्या ऑफिसात नेऊन बघा. वीस वर्षं हाताने लेजर लिहिणाऱ्या हिशेबनिसाला कॉम्प्युटर दिला, तेव्हा त्याला यंत्राची भीती कमी होती. 'हे वही माझ्या हातून गेली तर मी इथे कोण?' ही भीती मोठी होती. आज तोच प्रश्न कॉम्प्युटरवाल्या तरुणांपुढे उभा आहे, कारण त्यांचं काम करणारी नवी साधनं रोज येताहेत. अशा माणसाला 'बदला नाहीतर बाजूला व्हा' म्हणून भागत नाही. अवजार गेलं तरी तुझी जागा इथे आहे, तुझी नजर आणि तुझा अनुभव आम्हाला हवा आहे, हे कुणीतरी त्याला तोंडाने सांगावं लागतं. ते सांगितलं की हात आपोआप सैल होतो.

*५. दुसरी घटना : चौकोनी डबा, गोल भोक*

११ एप्रिल १९७० ला अपोलो १३ यान चंद्राकडे निघालं. लव्हेल, स्विगर्ट आणि हेज असे तिघे अंतराळवीर. १३ एप्रिलला, पृथ्वीपासून ३ लाख किलोमीटरहून जास्त दूर असताना, ऑक्सिजनच्या एका टाकीचा स्फोट झाला. मुख्य यानाची वीज आणि हवा संपत चालली. चंद्रावर उतरणं तर राहिलंच, परत यायची शाश्वती उरली नाही.

चंद्रावर उतरण्यासाठी सोबत एक छोटं यान होतं. दोन माणसांना साधारण दोन दिवस पुरेल एवढीच त्याची सोय. तिघे त्यात शिरले आणि जवळपास चार दिवस त्याच्यावर काढले. हा विचार मात्र त्या रात्री पहिल्यांदा सुचला नव्हता. छोट्या यानाचा तराफ्यासारखा उपयोग करता येईल का, हे सरावांमध्ये आधी तपासून झालेलं होतं. बघा, इथेही रियाझ आधी, उपज नंतर.

मग नवीन संकट आलं. तिघांच्या उच्छ्वासाने छोट्या यानातली हवा दूषित होऊ लागली. ती शुद्ध करणारे डबे मुख्य यानात पडून होते, पण ते चौकोनी. छोट्या यानातली जागा गोल. जमिनीवरच्या अभियंत्यांनी एक शिस्त पाळली. यानात जे सामान आहे त्याचीच यादी समोर घेतली. प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुस्तिकांचे पुठ्ठे, अंतराळपोशाखाच्या नळ्या आणि चिकटपट्टी. यापलीकडची एकही वस्तू धरायची नाही. त्यातून जोडणी बनवली, ती स्वतः करून पाहिली आणि मग रेडिओवरून एकेक पायरी तोंडी सांगितली. वर ती जशीच्या तशी बनवली गेली आणि हवा सुधारली.

या गोष्टीतली चिकटपट्टी सगळ्यांच्या लक्षात राहते. आपण दुसऱ्या दोन गोष्टी लक्षात ठेवू.

एक, स्विगर्ट हा मूळ चमूत नव्हताच. मूळचा केन मॅटिंग्ली जर्मन गोवराच्या संपर्कात आला होता आणि त्याला त्या रोगाची प्रतिकारशक्ती नव्हती, म्हणून उड्डाणाच्या दोन-तीन दिवस आधी स्विगर्टला त्याच्या जागी घेतलं. तरीही चमू फुटला नाही. मॅन गल्चमध्येही माणसं एकमेकांना नवी होती, मग इथे वेगळं काय घडलं? इथे प्रत्येकाने स्वतःचं काम तर शिकलेलं होतंच, पण शेजारच्याचं काम कसं चालतं हेही डोक्यात होतं. माणूस बदलला तरी त्याची जागा सगळ्यांच्या मनात तयार होती, आणि त्या जागेचं शिक्षण स्विगर्टने आधीच पूर्ण केलेलं होतं. मागे राहिलेला मॅटिंग्लीही रुसून बसला नाही. बंद केलेलं मुख्य यान परत कसं चालू करायचं याची नवी कार्यपद्धती जमिनीवर तयार होत होती. मॅटिंग्लीने ती सिम्युलेटरवर तपासून पाहायला मदत केली. एरवी असं काम व्हायला तीन महिने लागतात, ते तीन दिवसांत झालं.

दोन, नियंत्रण कक्षाचे प्रमुख जीन क्रँझ यांनी स्फोटानंतर आपल्या माणसांना पहिली ताकीद दिली ती अंदाजाने काही करून असलेलं बिघडवू नका ही. म्हणजे घाईच्या वेळी त्यांनी आधी सगळ्यांना एका समजुतीवर आणलं. काय चालू आहे, काय बंद आहे, आपल्याला नक्की काय माहीत आहे, हे सगळ्यांच्या समोर बोललं गेलं. १७ एप्रिलला तिघेही सुखरूप समुद्रात उतरले.

*६. उपज आणि जुगाड*

इथे एक सावधगिरी. आपल्याकडे जुगाडाचं फार कौतुक होतं. तार बांधून गाडी चालवली, पुठ्ठा लावून मशीन चालवलं, की आपण टाळ्या वाजवतो.

अपोलोची ती जोडणीही दिसायला जुगाडच होती. फरक नंतर पडला. स्फोटाचं मूळ शोधलं गेलं. टाकीतल्या तापनियंत्रक स्विचला झेपणार नाही इतका विजेचा दाब त्याला आधीच्या चाचण्यांत मिळाला होता. त्याने आतल्या तारांचं आवरण जळालं होतं आणि पुढे उड्डाणात ठिणगी पडली. त्यानंतरच्या यानांसाठी टाकीची रचना बदलली, एक जादा टाकी आणि जादा बॅटरी बसवली. उपजेने वेळ निभावून नेली आणि मागाहून दुरुस्तीने घर नीट केलं. जुगाडात हा दुसरा भाग होतच नाही. तात्पुरती तार तीन वर्षं तशीच राहते आणि एक दिवस कुणाचा तरी हात जातो.

आपल्या उत्सवातलंच उदाहरण घ्या. महाप्रसादाला ३०० पानांचा अंदाज आणि आली ५०० माणसं. आमटीत पाणी ओतत राहणं हा जुगाड. दुसऱ्या चुलीवर लगेच खिचडीचं पातेलं चढवणं, वाढणाऱ्यांना 'पंगत जरा सावकाश उठवा' असा निरोप देणं, मांडवातल्या मंडळींनी भजन थोडं लांबवणं आणि हे सगळं कुणी कुणाला न ओरडता होणं, ही उपज. आणि दुसऱ्या दिवशी भांडी घासून झाल्यावर बसून 'अंदाज का चुकला, पुढच्या वर्षी नोंद कशी ठेवायची' हे ठरवणं, ही दुरुस्ती. जिथे ही शेवटची बैठक होत नाही, तिथे पुढच्या वर्षी पुन्हा आमटीत पाणी.

*७. या महिन्यात आपापल्या जागी करून पाहण्यासारखं*

वाइक यांनी गटाला तगवून धरणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या : हाताशी असेल त्यातून घडवता येणं, एकमेकांची कामं मनात वागवणं, आपल्याला सगळं माहीत नाही याची जाणीव ठेवणं आणि आदराने, खरं बोलणं. यावरून चार सराव सुचवतो. मोठे अधिकारी नसलात तरी करता येतील.

*अ) जागा बदलून बघा.* आठवड्यातून एकदा तासभर सहकाऱ्याच्या खुर्चीवर बसा आणि त्याला आपल्या खुर्चीवर बसवा. त्याचं काम पूर्ण यायला हवं असं नाही. तो कुठे अडतो आणि त्याला आपल्याकडून काय वेळेवर लागतं, एवढं कळलं तरी पुष्कळ.

*आ) सोडायचा सराव करा.* ठरवून एक दिवस नेहमीचं साधन बाजूला ठेवा. बिलिंगचं मशीन बंद आहे असं धरून हाताने पावत्या फाडा. साहेब रजेवर आहेत असं धरून एखादा निर्णय खालच्यांना घेऊ द्या. ज्याने शांतपणी सोडून पाहिलं आहे, त्याला धावपळीत सोडता येतं.

*इ) निरोप पाच भागांत द्या.* ही पद्धतही वाइक यांचीच. मला समोर काय दिसतंय, आपण काय करावं असं वाटतं, का वाटतं, कशावर लक्ष ठेवायचं, आणि शेवटी : आता तुम्ही बोला, काय पटत नाही? पाचवा भाग कधी गाळू नये. डॉजकडे पहिले चार सांगायला वेळ होता, तो आग लांब असताना. नंतर तो उरला नाही.

*ई) 'मला माहीत नाही' म्हणायला मुभा द्या.* फार घाबरलेला माणूस विचारत नाही आणि स्वतःवर फार विश्वास असलेलाही विचारत नाही. दोघांचंही बघणं बंद होतं. गटातल्या सगळ्यात नव्या पोराला जे दिसलं ते त्याने बोलावं आणि सगळ्यात जुन्याने ते ऐकावं. नव्यानेही आपल्या डोळ्यांना जे दिसतंय ते केवळ मोठ्यांना दिसत नाही म्हणून खोटं मानू नये. दुसऱ्याचं ऐकणं आणि आपलं प्रामाणिकपणे सांगणं, हे दोन्ही मिळून आदर होतो.

*अभ्यासासाठी प्रश्न*

१. तुमच्या कामात अशी कोणती 'करवत' आहे, जी उपयोगाची राहिली नाही तरी खांद्यावरून उतरत नाही? ती उतरवताना नेमकी कशाची भीती वाटते?
२. डॉजने हाक मारली तेव्हा तुम्ही त्या तुकडीत असता तर थांबला असता का? थांबायला आधी तुमच्या आणि त्याच्यामध्ये काय घडलेलं असायला हवं होतं?
३. तुमच्या हाताखाली माणसं असतील तर : त्यांनी तुमच्या हाकेवर थांबावं यासाठी या आठवड्यात तुम्ही त्यांना कोणती गोष्ट कारणासकट सांगितली?
४. तुमच्या कामाच्या जागी किंवा मंडळाच्या सेवेत 'तात्पुरती' म्हणून केलेली एखादी सोय वर्षानुवर्षं तशीच आहे का? ती नीट करायला कुणाशी बोलावं लागेल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना घाई करू नये. 'काहीच नाही' असं उत्तर आलं तर तेच लिहावं आणि उद्या सकाळी कामाला गेल्यावर पहिली पाच मिनिटं त्यासाठी ठेवावीत.

उत्तरं आपापल्या मंडळाच्या ग्रुपवर रविवारी सकाळपर्यंत टाकावीत. ज्यांना टाइप करायला जमत नाही त्यांनी आवाजी निरोप पाठवला तरी चालेल. 'सोडायचा सराव' ज्यांनी करून पाहिला, त्यांनी काय अडलं ते जरूर कळवावं. पुढच्या बैठकीची सुरुवात आपण त्यापासूनच करू.